करंगळी दाखव!

“करंगळी दाखव, बेटा!”

हे शब्द तो माणूस एका सर्व्हरला उद्देशून बोलायचा. सर्व्हर म्हणजे आमच्या अमरावतीच्या माती-परीक्षण केंद्रातली कपाटाएवढी सहा यंत्रं. शेतकऱ्यांनी आणलेल्या मातीचे अहवाल त्यांच्यात राहत. त्या वर्षांत पाऊस आणि कापूस दोघेही रुसलेले, त्यामुळे कोणतं खत घालायचं हे विचारायला पेरणीआधी केंद्रात रांग लागे.

मुलांनो, माझ्या लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर लाल ठिपका का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तो ह्याच माणसाचा. तो रोज अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला उतरून केंद्रात येई. सगळे त्याला ‘डोसवाले भाई’ म्हणत, कारण आधी अनेक वर्षं त्यानं पोलिओच्या मोहिमेत घरोघर फिरून थेंब पाजले होते. डोस झाला की लेकराच्या डाव्या करंगळीला शाई, आणि कुलूपबंद घराच्या दारावर खडूची फुली, म्हणजे परत यायचं.

संगणक विभागात आल्यावरही त्यानं तीच पद्धत ठेवली. सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवायला कंपन्या पॅच पाठवतात. कोणत्या सर्व्हरमध्ये कोणता पॅच नाही, हे शोधणारा एक प्रोग्राम आम्हाला नवाच मिळाला होता. तो सगळ्या यंत्रांना विचारपूस करून यादी छापे. पॅच बसला की भाई बायकोच्या नेलपॉलिशनं यंत्राच्या डाव्या कोपऱ्यावर ठिपका देई.

“काहून हो, हा सरकारी माल रंगवता?” मी एकदा रागावले. त्याची बोली माझ्याही तोंडी बसली होती.

“मॅडम, लेकरू रडत नाय म्हून डोस झाला असं नसते. खूण पायजे.”

मी केंद्राची प्रशासकीय अधिकारी. माझा विश्वास वेळापत्रकावर. भिंतीवर माझ्या अक्षरात दोन तक्ते होते. पहिला: तपासणी दुपारी दीड वाजता, कामात खोळंबा नको म्हणून. दुसरा: सहावा सर्व्हर जुना, तापतो, म्हणून दुपारी एक ते तीन तो बंद, त्याला विश्रांती. मिक्सर सलग चालवत नाहीत, तसंच. दोन्ही तक्त्यांना मी पट्टीनं चौकट आखली होती.

पहिल्या तपासणीत पॅच बसले, यादीत शेवटी ‘उणे पॅच: शून्य’ आलं. त्या दिवशी भाई नेलपॉलिश घरी विसरला होता, पण मी थांबले नाही. ‘सर्व यंत्रे सुरक्षित’ असं पत्र सही करून नागपूरच्या मुख्य कार्यालयाला धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाई बाटली घेऊन आला. यादी वाचत एकेकाला ठिपका देत गेला. यादी संपली, आणि सहावा सर्व्हर कोरा उभा!

“मॅडम, ह्याचं नाव कुठं हाय?”

“शून्य लिहिलंय ना!”

“शून्य उघड्या घरायचं. हे घर तर कुलूपबंद होतं!” त्यानं भिंतीवरच्या दोन तक्त्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तक्त्यांकडे. “दोन्ही बाकी लय सुंदर लिवले.”

त्याच आठवड्यात गावातल्या एका कार्यालयाची यंत्रं व्हायरसनं बंद पाडली होती. सहाव्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्याचे सगळे अहवाल होते, अजून न छापलेले, आणि पेरणी तोंडावर. भाईनं त्या यंत्राची तपासणी लगेच लावली. प्रिंटर करकरू लागला. कागद टेबलावरून जमिनीवर, जमिनीवरून दारापर्यंत.

“बापा! याले तं जन्मापासून डोसच नाय!”

दिवसभर तो त्याच्यापाशी बसला. एकेक पॅच चढे, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई, आणि हा त्याच्या पाठीवर थापटे, “झालं बेटा, आता एकच.” असे एकवीस ‘एकच’ मी मोजले. त्या दुपारी सहाव्याची विश्रांती रद्द झाली. टेबलफॅन मी स्वतः त्याच्यासमोर ठेवला. संध्याकाळी यादीत सहा नावं आली, खाली खरंखुरं शून्य.

आता नागपूरच्या पत्राचं काय? माझ्या नोकरीत मी कधी चूक-दुरुस्तीचं पत्र लिहिलं नव्हतं.

“माया नावावर टाका,” भाई म्हणाला. “म्हना, भाई विसरला. मले कोन विचारते?”

मी नवा कागद ओढला. मग लिहिलं: ‘वेळापत्रक माझे, चूक माझी.’ खाली सही केली.

भाईनं पत्र वाचलं आणि गंभीर चेहऱ्यानं बाटली उघडली. “मॅडम, करंगळी दाखवा.” माझ्या डाव्या करंगळीवर लाल ठिपका आला. तो खरवडून काढायला मला आठवडा लागला, कारण मी काढतच नव्हते.

मी निवृत्त झाले, मग तो. लॅपटॉपवरचा ठिपका त्यानं शेवटच्या भेटीत दिला.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. मी अकोल्याला त्याच्या घरी गेले. फ्रीजच्या डाव्या कोपऱ्यावर ठिपका, टीव्हीवर ठिपका, पाण्याच्या मोटारीवर, शिलाई मशीनवर, भिंतीवरच्या घड्याळावर. त्याच्या बायकोनं, भाभींनी, चहा दिला.

निघताना त्या आत गेल्या आणि ती नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या. तळाशी थोडाच रंग उरला होता.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “करंगळी दाखवा.”