अदलाबदल मिळणार नाही

चिठ्ठी उघडून प्रतीक्षाने ती पुन्हा घडी केली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली.

“मॅडम, ही बदलून द्या की.”

तिच्यामागे ओंकार उभा होता. त्याच्याही हातात घडी केलेली चिठ्ठी.

“आमचं ठरलंय मॅडम. ती माजी घेती, मी तिची घेतो. कुनाचीच तक्रार न्हाई.”

मी मानवतला कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला पर्यावरण शिकवते. त्याआधी काही वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. त्या वर्षी वर्गात डिबेट घ्यायचे ठरले. डिबेटमध्ये आधी एक ठराव ठरतो. एक जण ठरावाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरोधात. बाजू कोणती, हे चिठ्ठी ठरवते. बोलणाऱ्याचे मत नाही. आमचा ठराव असा होता : गावातली कपाशीची फवारणी पाठीवरच्या पंपाने न करता ड्रोननेच करावी.

बोलणाऱ्या दोघांची निवड वर्गाने केली. प्रतीक्षाला ड्रोनची बाजू आली. तिचे वडील रोजाने पाठीवरच्या पंपाची फवारणी करतात. घर त्यावर चालते. ओंकारला ड्रोनचा विरोध आला. त्याच्या वडिलांनी त्याच हंगामात ड्रोन विकत घेतला होता आणि ते भाड्याने फवारणी करून देत होते.

“अदलाबदल मिळणार नाही,” मी म्हणाले. “आपलीच बाजू मांडायला डिबेट कशाला? ते पारावर रोज चालतं.”

“मग घरी काय सांगू?” प्रतीक्षाने विचारले. “पप्पा, तुमचं काम बंद करा म्हणून भाषण करायलेय, असं?”

“सांगू नको. विचार.”

तयारीला आठ दिवस होते. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटे, मग एकमेकांना एकेक प्रश्न. ठरावावर वर्गाचे मतदान दोनदा : एकदा आधी, एकदा नंतर. जास्त मते मिळवणारा जिंकत नाही; जास्त मते फिरवणारा जिंकतो. पहिल्या मतदानात बेचाळीसपैकी पस्तीस मते ड्रोनला पडली. पोरांना ड्रोन आवडतो. कारण एवढेच.

एक नियम मी डेस्कवरून आणला होता. प्रत्येक दाव्यानंतर तो कुठून आला ते सांगायचे : पाहिलं, वाचलं किंवा ऐकलं. हार-जीत मतांवर; दाव्यांचे गुण मी वेगळे, तोंडी परीक्षेत धरणार होते. ऐकलं म्हटले की अर्धेच गुण.

सरावात अडचण निघाली ती भलतीच. आमची मुले वक्तृत्व स्पर्धेत वाढलेली. ओंकार उभा राहिला, हात उंचावला आणि सन्माननीय व्यासपीठ, परीक्षक, गुरुजन, जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो असे करत ठरावापर्यंत पोचला तेव्हा पन्नास सेकंद संपले होते. मी घंटा वाजवली.

“मॅडम, अजून सुरूच केलं न्हाई मी!”

“घड्याळानं केलंय.”

पाचव्या दिवशी प्राचार्यांनी बोलावले. ओंकारच्या वडिलांचा फोन आला होता. मुलगा चार दिवस जेवताना बापाला ड्रोनमधल्या खोडी विचारतो आहे आणि वहीत उतरवून घेतो आहे, अशी तक्रार होती.

“मॅडम, वाद घ्या म्हणालो होतो. लावा म्हणालो नव्हतो.”

“नियम आहे, सर.”

“चिठ्ठ्या बदला. दोन्ही घरं खूश.”

“मग ते डिबेट राहत नाही. दोन घरांचे वकील उभे राहतात.”

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. “ठीक. पण ती मुलगी उद्या कॉलेजात यायची बंद झाली, तर तिच्या घरी तुम्ही जायचं.”

मी हो म्हणाले. त्यानंतरचे तीन दिवस मी हजेरी घेताना प्रतीक्षाचे नाव जरा हळू वाचत होते. ती रोज आली. तयारीबद्दल काही बोलली नाही.

डिबेटच्या दिवशी ओंकार पहिला बोलला. नमस्कार एका ओळीत उरकला.

“बॅटरी दहा-बारा मिनटात उतरती. पाहिलं. वारं सुटलं की काम बंद. पाहिलं. आमच्या शेजारच्या वावरात तुती हाय, रेशमाच्या अळ्यांसाठी. एकदा वारं फिरलं अन् फवारा तुतीवर गेला. तो पाला खाल्लेल्या अळ्या मेल्या.” तो थांबला. “पाहिलं.”

बापाच्या वस्तूविरुद्ध एवढा माल त्याच्याकडे असेल, असे वर्गात कुणालाच वाटले नव्हते.

प्रतीक्षा उठली. कागद बाकावरच राहिला.

“माझे पप्पा दिवसाला वीस-बावीस पंप भरून मारतात. पाहिलं. कपाशी छातीला लागली की फवारा तोंडावर येतो. पाहिलं. घरी आल्यावर ते आंघोळ होईपर्यंत माझ्या भावाला जवळ घेत नाहीत. त्यांचे कपडे मम्मी वेगळे धुती. पाहिलं. डोकं दुखतं का, असं मी याआधी कधी विचारलं नव्हतं. या आठवड्यात विचारलं. रोज दुखतं म्हणाले. हे ऐकलं. मॅडम, अर्धे गुण कापा.”

मी कापले नाहीत. ती नोंद आजही चुकीची आहे.

मग ओंकारचा प्रश्न.

“ड्रोन आला, तर तुजे पप्पा काय करतील?”

मागच्या बाकावरून कुणीतरी “ए, गप रे” म्हणाले. प्रतीक्षाने हात करून त्याला थांबवले.

“मीबी पप्पाला हेच विचारलं. ते म्हणले, मला काम पायजे. औषध नाकात गेलंच पायजे, असं माजं काही म्हणनं न्हाई.” ती त्याच्याकडे वळली. “आता माजा प्रश्न. काम कोन देनार? तुज्या पप्पाला विचारलंस का?”

ओंकारने वहीचे एक पान उलटले, मग दुसरे.

“हे विचारलं न्हाई.”

घंटा झाली. दुसऱ्या मतदानात ड्रोनला चोवीस मते पडली. अकरा मते फिरली होती. नियमाने ओंकार जिंकला.

दुसऱ्या दिवशी मी प्रतीक्षाला विचारले, घरी काय झाले.

“पप्पा लय चिडले.”

“भाषणावरून?”

“हारल्यावरून! म्हणले, एवढं सगळं सांगितलं तुला, तरी हारून आलीस?”

पुढच्या आठवड्यात ओंकारच्या वडिलांचा फोन थेट मला आला. मी उत्तर तयार ठेवले होते. ते लागले नाही.

“मॅडम, त्या पोरीच्या वडलांचा नंबर द्या. ड्रोन उडवायला ठेवलेल्या पोराला शिवार म्हाईत न्हाई. तारा कुठं, तुती कुठं, औषध किती, सांगणारा मानूस पायजे. आमच्या ओंकारसाहेबानं घरी डोकं खाल्लंय.”

मी आधी प्रतीक्षाच्या वडिलांना विचारले आणि मग नंबर दिला. आता ते आठवड्यातून दोन दिवस ड्रोनसोबत जातात. उरलेले दिवस पाठीवर पंप असतोच. त्यांच्या गल्लीत फवारणी करणारे आणखी तिघे आहेत. त्यांना फोन आलेला नाही. त्यांची मुले माझ्या वर्गात नाहीत.

डिबेट मी दरवर्षी घेते. चिठ्ठी अजूनही बदलून देत नाही. ठराव लिहिण्याची पद्धत मात्र बदलली. यंत्राचा ठराव असला, तर त्याखाली एक ओळ सक्तीची : काम ज्याचे जाईल, त्याने उद्या सकाळी कुठे जायचे? उत्तर दोन्ही बाजूंनी द्यायचे. आजवर बहुतेकांना ते तीन मिनिटांत बसवता आलेले नाही. वेळ वाढवून मागतात. ती मी देते.