टँकर बिघडला, असं मी सांगत राहिलो

कोरीटच्या रस्त्यावरच्या एका दगडखाणीत मी नोकरीला होतो. खाणीला लागूनच खडीचं क्रशर. माझ्या दारावर ‘शाश्वतता व्यवस्थापक’ अशी पाटी होती. काम म्हणाल तर तपासणीच्या आदल्या दिवशी रोपं आणून खड्ड्यांत उभी करायची, सकाळपासून रस्त्यावर टँकरने पाणी मारायचं आणि फोटो काढून वर्षाचा अहवाल सजवायचा. तपासणीला आलेल्या साहेबांची गाडी परत वळली की टँकर बंद. डिझेल फुकट येत नाही, असं शेठ म्हणायचे आणि मी मान डोलवायचो.

कुंपणापलीकडे एका मावशीचं कापसाचं वावर होतं. बोंडं फुटली की आमची धूळ थेट त्यांच्यावर बसायची. राखाडी कापूस व्यापारी हातात घेऊन बघतो आणि बाजूला सारतो, एवढंच सांगायला ती ऑफिसात आली. मी ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेण्यात मी पटाईत.

दुसऱ्याच दिवशी नेमकी तपासणी होती. सकाळपासून टँकर फिरत होता, धुळीचा कण उडत नव्हता. दुपारी मावशी बांधावरच्या दोन पपया पदरात घेऊन आली. म्हणाली, “भाऊ, तुम्ही मन्हं ऐकं. बाकी कोणी ऐकत नही.”

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी तिला पपयांसकट रोपांशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. अहवालात तो पहिल्याच पानावर छापला, खाली लिहिलं, ‘समाधानी शेजारी’. पुढे त्या अहवालाच्या जोरावर शेठना रस्त्याचं मोठं काम मिळालं. माझी पाठ थोपटली गेली.

पपया दिल्यावर चार दिवसांनीच ती पुन्हा आली होती. भांडेल म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. तिने काळजीने विचारलं, “टँकर बिघडी गया का, भाऊ?”

मी हो म्हणालो. मग वेचणी संपेपर्यंत ती दर आठवड्याला चौकशी करायची. मी कधी पंप सांगायचो, कधी टायर. टँकर ऑफिसमागे धडधाकट उभा होता. तिचा कापूस व्यापाऱ्याने परत पाठवला, हे मला ड्रायव्हरकडून कळलं. हे लिहितानाही लाजेने कान तापतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुढची तपासणी आली. पुन्हा पाणी मारलं. वावरात वेचून झालेल्या कापसाच्या नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मावशी कुंपणाशी आली, पदरात पपई.

“सुधरी गया ना टँकर? चांगलं झाय.”

मी पपई घेतली. या वेळी तिचा फोटो तेवढा काढला नाही, आणि घरी पोहोचेपर्यंत मला त्याचंच कौतुक वाटत होतं.