सनद काढली म्हणजे नोकरी लागली?

आज भाचीसोबत अमरावतीच्या एका लॉ कॉलेजात चौकशीला गेलो. भिंतीवर फ्लेक्स होता: ‘शंभर टक्के रोजगार’.

त्यावरचा एक फोटो पाहून भाची थांबली. "मामा, हा तं आपल्या वरूडचा प्रफुल्लदादा! तो तं संत्र्याच्या पेट्या भरून राहिला ना?"

मी प्रवेश पाहणाऱ्या सरांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "वकिलीची सनद काढली की आमी त्याले व्यवसायात धरतो."

"त्याले एकही पक्षकार नाही मिळाला," भाची म्हणाली. "मंग मले कशात धरसान?"

सरांनी फॉर्म पुढे सरकवला.

माझं डोकं फिरलं. पोराची फजिती हे लोक यश म्हणून छापतात, आणि त्या फोटोवर विसंबून आमची पोरगी पाच वर्षं देणार!

फॉर्म आम्ही तिथेच ठेवला. तुमच्यापैकी जे वकील झाले, त्यांनी खरं सांगा: तुमच्या वर्गातले किती जण आज वकिली करतात?