नागार्जुनकोंड्याची बोट

गेल्या रविवारी, जेवणं उरकल्यावर, श्टुटगार्टच्या आमच्या मराठी मंडळात माझ्या आईवर अन्याय झाला. करणारा माणूस गोड बोलतो, म्हणून कुणाला तो अन्याय दिसला नाही.

मंडळाच्या सहली तोच काढतो; दर हिवाळ्यात आम्हा सभासदांच्या आईवडिलांना दक्षिणेत फिरवून आणतो. यंदा आंध्र; रविवारी तो त्याच सहलीचे फोटो पडद्यावर दाखवून बेत सांगत होता. पडद्यावर देवळाचा फोटो आला की तो बसल्याबसल्या चपला काढतो आणि स्वतःच्याच वाक्याला ‘गेनाऊ!’, म्हणजे ‘अगदी बरोबर!’, म्हणून जर्मनमध्ये मान डोलावतो. म्हाताऱ्यांच्या बॅगा तोच उचलतो, हेही खरं. पण नवीन माणसाला त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘पूर्ण नाव?’

आईने विचारलं, “भाऊ, नागार्जुनसागर धरण बघणारच आहोत, तर तिथून बोटीने नागार्जुनकोंड्याला जाऊ या ना? बुद्धविहारांचे अवशेष आहेत तिथे. पुढच्या वर्षी माझे गुडघे ऐकायचे नाहीत.”

“अहो काकू, नुसत्या विटा आहेत हो! आडनाव काय म्हणालात?”

आईने सांगितलं.

“अच्छा, म्हणून होय!” तो हसला. “आल्झो, तर मग, पुढे जाऊ. बोटीला वेळ नाही.”

पुढच्याच फोटोतल्या पडक्या देवळासाठी त्याने अख्खी दुपार ठेवली होती.

“इथेही विटाच आहेत की,” मी म्हटलं.

“त्याचं वेगळं असतं,” तो म्हणाला, आणि आईला स्वतः चहा आणून दिला.

तो वेळ नाही म्हणतो, मला ते पटत नाही. मंडळींनो, तुम्हीही या सहलीला आपल्या आईवडिलांची नावं दिलीत ना? मग आजच त्याला फोन करा आणि सांगा: बोट नसेल, तर आमचे आईवडील येणार नाहीत.