गडगडणारा कॉम्प्युटर

बारावीला चांगले मार्क पडले की पोराला मोटारसायकल घेऊन द्यायची, ही लातुरातली रीत. आमच्या पोराला कॉम्प्युटर पाहिजे होता. तोही दुकानातला तयार न्हाई! एकेक भाग पुण्याहून मागवून जोडलेला, गेम खेळायचा. किंमत ऐकून मी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, एवढ्यात दुभती म्हैस येईल. दूध तरी देईल ती!"

पण ह्यांनी, माझ्या मालकांनी, मुकाट पैसे मोजले. घरात काचेचा डबा आला, आत लाल-निळे दिवे, गणपतीची आरास जशी. वर हे भले मोठे स्पीकर.

ह्यांचं गाव भूकंपात गेलं. आई, वडील, धाकटा भाऊ, सगळे एका पहाटेत. हे तेवढे मालाची गाडी घेऊन लातूरला मुक्कामी होते, म्हणून वाचले. जमिनीतून आलेला तो गडगडाट मात्र त्यांनी इथंही ऐकला. तेव्हापासून आमच्या घरात माळ्यावर साधी कढई ठेवायची चोरी. झोपायचं ते दाराजवळ, आणि दाराला कुलूप न्हाई, नुसती कडी.

तर एका दुपारी हे जेवायला बसलेले. पोरानं गेममध्ये कुठं बॉम्ब टाकला की काय, फरशी थरथरली, मांडणीतली ताटं खणखणली. हे उष्ट्या हातानं उठले, पोराची बखोटी धरली आणि "पळा! पळा!" करत थेट रस्त्यावर. अख्खी गल्ली बाहेर! एकाच्या तोंडाला साबण, समोरच्या भाभींच्या हातात कणीक, होस्टेलची पोरं फिजिक्सच्या पुस्तकासकट. खरा प्रकार कळल्यावर लोक पोट धरून हसले. पोरगंही हसत होतं. मग त्याचं लक्ष बापाच्या हाताकडे गेलं. बखोटी अजून सुटली नव्हती.

त्या दिवसापासून पोरानं हेडफोन लावले ते लावलेच. घर गप्प झालं. भाकरी थंड व्हायची, मी हाका मारून दमायची, ह्याला पत्ता न्हाई. मी चिडून म्हणायची, एवढे पैसे घालून मुकं पोरगं विकत घेतलं.

पुढं ते विष्णुपुरीला इंजिनीअरिंगला गेलं, तिथून नोकरीला बेंगळूरला. कॉम्प्युटर इथंच राहिला, माझ्या जुन्या साडीखाली. परवा फोनवर म्हणालं, "आई, जुना झाला तो, विकून टाका." मीही म्हटलं, विकू, उगीच अडगळ. ह्यांनी उठून त्यावरची साडी तेवढी नीट केली.

काल मी भाजी घेऊन आले तर दारातच पायाखाली गडगड! पिशवी तिथंच टाकली. "अहो, बाहेर या! बाहेर या आधी!" ह्यांचा पत्ताच न्हाई. जीव मुठीत धरून आत धावले.

हे पोराच्या खुर्चीवर बसलेले. साडी बाजूला, काचेत दिवे लागलेले, पडद्यावर कसलीशी लढाई आपली आपण चाललेली. मांडणीतली ताटं वाजत होती. आणि हा माणूस जागचा हलला नव्हता.

"पोरगं घरात हाय असं वाटतं गं," ते म्हणाले.

मला रडूच आलं. लई आठवण येते हो त्याची. पदरानं डोळे पुसून मी तिथंच खाली बसले.

"लई हळू लावलंय," मी म्हटलं. "वाढवा जरा."