डोणगावच्या गाडीतली माझी जागा

आमच्या फाट्यावरून सकाळच्या ज्या एसटीने मी डोणगावच्या शाळेत जाई, तिचे ते कंडक्टर होते. त्यांचे नाव मी कधी विचारले नाही. तिकीट फाडताना ते मान तिरकी करून प्रत्येकाशी ओळख असल्यासारखे बोलत.

दहावीत असताना कापूस वेचणीत माझे बारा दिवस शाळेवाचून गेले. बीटी कपाशीची बोंडे एकदम फुटली होती आणि मजूर मिळत नव्हते. मग मलाच वाटू लागले, वर्गात आता आपले काय उरले? शाळा सोडल्याचा दाखला काढायला बाबांच्या सहीचा अर्ज घेऊन मी तेराव्या दिवशी गाडीत चढले.

गाडी भरली होती. माझ्या नेहमीच्या खिडकीच्या जागेवर मात्र कंडक्टरांचा रुमाल होता. एक आजी त्यांच्याशी भांडत होत्या, "रोज रुमाल टाकून ठेवतो बाप्पा, तुह्या सासऱ्याची सीट हाय का?"

"शाळेतल्या पोरीची हाय, आजी." मला पाहून त्यांनी रुमाल उचलला. "काऊन वं, किती दिवस लावले? लोकायच्या शिव्या खाऊन राह्यलो मी."

मी बसले. अर्जाचे त्यांना सांगावेसे वाटले, पण जमले नाही. शाळेतली जागा मला एसटीत सापडली, हे आज कॉलेजात बसून लिहितानाही थोडा संकोच वाटतो.

उतरल्यावर मी ऑफिसकडे न जाता वर्गात गेले. संध्याकाळी बाबांनी विचारले, "दाखला भेटला?"

"मांगितलाच नाही," मी म्हणाले.

त्यांनी अर्ज माझ्याकडून परत घेतला. मग म्हणाले, "मंग उद्या गाडी चुकवू नको."