तिसऱ्या अंकासाठी जुळवलेलं मशीन

अर्जुनी मोरगावात बाजाराच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, लग्नपत्रिका, बचतगटांचे ठराव, जे येईल ते मी करते. पण माझं आवडतं काम दिवाळीच्या आधी सुरू होतं. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात आणि आसपासच्या पाच-सहा मंडळ्यांची नाटकं माझ्याकडे टाइप होतात. लेखक वही आणून देतात, मी टाइप करते आणि नटांसाठी प्रती काढते. एक लेखक मात्र वही आणत नसत. ते निवृत्त पोस्टमन. नजर अधू झाल्यापासून त्यांना लिहिणं जमत नव्हतं, म्हणून ते दुकानात येऊन बसत आणि डोळे मिटून तोंडी सांगत. मी ऐकत ऐकत टाइप करत जाई.

त्यांच्या नव्या नाटकाचा तिसरा अंक संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणक सुरू केला तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक नावापुढे भलतीच अक्षरं चिकटली होती आणि फाइली परत हव्या असतील तर पैसे पाठवा, अशी इंग्रजी सूचना पडद्यावर होती. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला होता. पहिल्या दोन अंकांच्या छापील प्रती कपाटात होत्या. तिसरा अंक कुठेच नव्हता.

दुकान बंद करून मी स्कूटीने त्यांच्या घरी गेले. ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं.

"गेला म्हंजे? पुरा?" त्यांनी विचारलं.

"पुरा. चूक माझीच आहे. दुसरीकडे प्रत ठेवायला पाहिजे होती."

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले. मग म्हणाले, "माह्या डोस्क्यातून त गेला नाई न. मी पुन्हा सांगतो. पण त्या डब्ब्यात नाई सांगत. पहिले तो डब्बा बदल."

तालमीला तीन आठवडे उरले होते.

गावात संगणक दुरुस्त करणारे एक भाऊ होते. ते म्हणाले, "सगळं पुसून परत टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम." परत म्हणजे संगणक चालवणारं तेच सॉफ्टवेअर, सगळ्यांकडे असतं ते, आणि तेही चोरीचं. इतकी वर्षं मीही तेच वापरत आले होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोय नव्हती. पण या वेळी मी नको म्हटलं. वर्षभरापासून मी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मोबाइलवर वाचत होते. एकदा पेनड्राइव्हवरून जुन्याच संगणकावर ते चालवूनही पाहिलं होतं. मला ते आवडलं होतं, पण संगणक म्हातारा, दोन खिडक्या उघडल्या की धापा टाकायचा. म्हणून आता मी ठरवलं, नवं मशीन घ्यायचं आणि सुटे भाग आणून स्वतः जुळवायचं. आमच्याकडे काही बिघडलं तर गोंदियाला न्यावं लागतं, दिवस जातो. जे मी जुळवलं असेल ते मला खोलताही येईल, इतका साधा हिशेब होता.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "बघ बुवा, तुला जमेल तर." तो एसटीत कंडक्टर, सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. ते गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये जन्मभर फिटर होते. त्यांनी मला आधी नीट न्याहाळलं.

"काऊन वो, तयार मशीन आणली असती त चाललं नसतं?"

"चाललं असतं. पण मग बिघडली की मी परत दुसऱ्याच्या दारात."

हे त्यांना पटलं. म्हणाले, "चाल, मी येतो सोबत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही गोंदियाला गेलो. दुकानात शिरल्यावर मालक मामाजींशीच बोलू लागले. "अंकलजी, क्या दिखाऊं?" मामाजींनी माझ्याकडे बोट केलं आणि स्टुलावर जाऊन बसले. मी यादी काउंटरवर ठेवली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, फाइली साठवायची एसएसडी, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस, कॅबिनेट. मालकांनी ती वाचली.

"मॅडम, इसमें ग्राफिक्स कार्ड नहीं लिखा."

"नहीं चाहिए. उसके बदले एसएमपीएस अच्छावाला दीजिए. हमारे यहां लाइट बहुत ऊपर-नीचे होती है."

"और डालना क्या है इसमें?"

"लिनक्स."

ते हसले. "प्रिंटर नहीं चलेगा, मॅडम. फिर आप ही वापस आओगे."

"चलेगा. मैंने देख लिया है," मी म्हटलं. माझ्या प्रिंटरचं मॉडेल लिनक्सवर चालतं हे मी चार ठिकाणी वाचून घेतलं होतं. बोर्डाबद्दलही तसंच केलं होतं. त्यांनी दाखवलेला पहिला बोर्ड मी परत केला, कारण त्यावरच्या वायफायची तक्रार मी वाचली होती. त्यानंतर त्यांचं हसू गेलं आणि ते माझ्याशी दुकानदार दुकानदाराशी बोलतो तसे बोलू लागले. निघताना प्रोसेसर आणि त्याच्या पंख्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टची स्वतःच्या ड्रॉवरमधली एक जास्तीची नळी त्यांनी पिशवीत टाकली. "पहली बार है ना, काम आएगी."

परतीच्या गाडीत बोर्डाचा खोका मी मांडीवरच ठेवला. मामाजी कॅबिनेट पायांमध्ये धरून बसले आणि समोरच्या बाईंना सांगत राहिले, "सूनबाई मशीन बनवून राहिली."

मशीन जुळवण्याआधी मामाजींनी एक अट घातली. दुकानातली अर्थिंग त्यांनी टेस्टर लावून पाहिली आणि नापास केली. मग स्वतः दुकानामागे खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ भरलं, वरून पाणी ओतलं. एक अख्खा दिवस त्यात गेला. माझ्या हातात तीन आठवडेही उरले नव्हते, तरी मी घाई केली नाही. मिलमध्ये त्यांनी मोटारी जळताना पाहिल्या होत्या, मी नव्हत्या पाहिल्या.

जुळवणी केली ती सकाळी, घराच्या ओसरीवर, लाकडी टेबलावर. पंखा बंद ठेवला, कारण शेजारच्या मळणीचा भुसा उडत होता. मामाजींनी स्टीलच्या ताटलीत स्क्रू आकारानुसार वेगळे मांडले आणि हात मागे घेतले. "हात तुहा," ते म्हणाले. "मी फक्त पायतो."

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो. बोर्डावरच्या खुणेशी तो जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मी ठेवला, तो आपोआप बसला. वर पंखा चढवला. रॅमची पट्टी दाबताना मात्र भीती वाटली, कारण बोर्ड वाकतो की काय असं वाटत होतं. शेवटी दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि खट्ट आवाज आला. मामाजींनी मान हलवली. त्यांना तो आवाज ओळखीचा असावा.

सगळं कॅबिनेटमध्ये बसवून बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला. पडदा काळाच राहिला.

मी बटण बंद केलं, वायर काढली. रॅम काढून पुन्हा बसवली. तरी काळाच. मामाजी म्हणाले, "मिलमंदी मोटर चालू न पट्टा बंद असला, त आम्ही पट्ट्यापासून मांगं मांगं जात होतो. तू बी मांगं जाय." मी पडद्यापासून उलटी निघाले. पडद्याची वायर ठीक, बोर्ड ठीक. मग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या सावलीत, एक रिकामं सॉकेट दिसलं. प्रोसेसरला वेगळी वीज देणारी वायर मी लावलीच नव्हती. ती कॅबिनेटच्या मागे लोंबत होती. लावली. पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

"आता आला जीव," मामाजी म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. त्यांना कधी चहा ठेवताना मी पाहिलं नव्हतं.

लिनक्स चढायला चहा पिऊन होण्याइतकाच वेळ लागला. मशीन दुकानात नेऊन जोडलं, तर प्रिंटरने पहिल्या कागदावर नुसत्या रेघा काढल्या. त्याचा योग्य ड्रायव्हर शोधण्यात दुपार गेली, पण तो चालला. खरी अडचण माझ्या बोटांची होती. इतकी वर्षं जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीने मराठी टाइप केलेलं. नव्या मशीनवर मी मुद्दाम युनिकोडची इन्स्क्रिप्ट ही वेगळ्या कळांची पद्धत घेतली, म्हणजे मजकूर कुठल्याही मोबाइलवर तसाच दिसेल. चार दिवस बोटं चुकीच्या जागी पडत राहिली. 'ज्ञ' शोधताना चिडचिड झाली. पाचव्या दिवशी मी पोस्टमन काकांना निरोप पाठवला.

ते आले, मशीनला हात लावून पाहिलं आणि डोळे मिटून तिसरा अंक सांगू लागले. सुरुवात जशीच्या तशी होती. मग नायिका सासरचा उंबरा ओलांडते त्या जागी माझे हात थांबले.

"काका, मागच्या वेळी ती इथे नवऱ्याची माफी मागते."

"आता नाई मागत."

"पण तेच चांगलं होतं. लोक रडले असते."

"काऊन मागन ती? तिची चूक का होती?" त्यांनी डोळे उघडले. "तवा मले सुचलं नव्हतं, म्हून मागवली. आता सुचलं. टाइप कर."

आम्ही बराच वेळ भांडलो. शेवटी मी दोन्ही शेवट टाइप केले आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. वाचताना पहिला शेवट माझ्याच जिभेला खोटा लागला. तसं मी सांगितलं. त्यांनी दुसरा ठेवायची खूण केली.

त्याच दिवशी फाइलच्या तीन प्रती केल्या. एक मशीनमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या पेनड्राइव्हवर घरी. मंडळीच्या नटांना मोबाइलवरही पाठवली. तालमीला मी गेले तेव्हा नायिका करणारी बाई हातात फोन धरून वाक्यं पाठ करत होती. माफी मागण्याच्या जागी ती नुसती उभी राहून नवऱ्याकडे बघत होती, आणि पेटीवाल्याचेही हात थांबले होते.

त्यानंतर मी आणखी चार मशीनं जुळवली. दोन शाळांसाठी, एक पतसंस्थेसाठी, एक आमच्याच घरी. गेल्या महिन्यात वाचनालयाच्या बाई आल्या. म्हणाल्या, "आम्हाला पण एक करून द्या." मी म्हटलं, भाग मी मागवते, पण जुळवायचं तुम्ही, मी शेजारी बसेन. त्या जरा घाबरल्या. शनिवारी सकाळी मात्र पदर खोचून, स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आल्या.